दुष्काळी कामे, रोजगाराची हमी आणि मजुराचे कसब

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सव्वाशे किलोमीटरांच्या सुमारास म्हसवड अथवा आटपाडीच्या शिवारात उभे राहावे तर वर्षाचे पर्जन्यमान पाचशेच्या आसपास, आणि तेही ज्या नक्षत्रात हवे त्यात येईलच असे नाही. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी हा मुलूख म्हणजे एकच थोरला सातारा जिल्हा व त्यात गुंतलेली औंध, फलटण, सांगली, मिरज, जत वगैरे संस्थाने असा होता. 1949 साली दक्षिण सातारा निराळा करण्यात आला व 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सरहद्दी बदलल्या तरी पाऊस काही बदलला नाही. कृष्णाकाठचा ऊसवाला आणि माणदेशचा बाजरीवाला हे दोघेही सातबाऱ्यावर शेतकरीच. पण ज्या बाजरीवाल्याच्या घरची कणगी माघ-फाल्गुनात तळास लागते तो चैत्र-वैशाखात पाटी-कुदळ घेऊन मजूर होतो, ही गोष्ट आमच्या सभासदांस नव्याने सांगावयास नको.

अशा वेळी सरकारने कामे काढावयाची व लोकांनी त्यांवर जावयाचे, ही रीत आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे. या कामांनी पोट भरले हे खरे. परंतु मजुराच्या हातात काय राहिले, आणि ज्या जमिनीवर ही माती पडली त्या जमिनीचे काय झाले, या दोन प्रश्नांकडे आम्ही शेतकऱ्यांनीही पुरतेपणी लक्ष दिले नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्यांवर आहे.

1876-77 चा दुष्काळ हा आपल्या प्रांतातील जुन्या दुष्काळी कामांचा नमुना होय. त्या काळचे सरकारी धोरण असे होते की, काम इतके कष्टाचे व मजुरी इतकी तुटपुंजी असावी की खरा गरजू असेल तोच येईल. 1877 च्या आरंभी मजुरी घटवून ती माणशी रोजच्या पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणण्यात आली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसाने मजुरी नाकारावी, यातच त्या धोरणाची परीक्षा झाली असे आम्हांस वाटते. पुढे दुष्काळी कायदा झाला, त्यात कामाची मापे व मजुरीचे दर बांधले गेले. पण मूळ भूमिका फारशी बदलली नाही. काम हा मजुराचा हक्क नव्हता. ती सरकारची मेहेरबानी होती, आणि तीही दुष्काळ जाहीर झाला तरच.

तथापि त्या काळच्या कामांस सर्वस्वी नावे ठेवणे अन्यायाचे होईल. माण नदीवरील राजेवाडीचा तलाव, ज्यास म्हसवडचा तलाव असेही म्हणतात, तो दुष्काळी मजुरांच्याच हातांनी उभा राहिला व आजही उभा आहे. नीरा डाव्या कालव्याचीही कथा तीच. ज्या कामातून पाणी अडले ते काम टिकले. जी खडी फोडून रस्त्याच्या कडेस रचून ठेवली ती कोठे गेली हे विचारण्यात अर्थ नाही.

आता विसापूरकडे वळू. तासगाव तालुक्यातील हे गाव वि. स. पागे यांच्यामुळे साऱ्या राज्यास माहीत झाले. पागे हे गांधीमार्गी, संतवाङ्मयाचे अभ्यासक, आणि 1960 पासून 1978 पर्यंत महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. अशा उच्चासनी बसलेल्या गृहस्थाने मजुराच्या बेकारीचा हिशेब मंत्रालयातील कागदांवरून न करता आपल्या गावच्या शेतावरून केला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. सातशे रुपये हाती दिले तर आपल्या शेतावर किती माणसांस किती दिवस उपयुक्त काम देता येईल, असा प्रश्न त्यांनी आपल्या घरीच विचारला व आलेल्या उत्तरावरून पुढील मांडणी केली, अशी हकीकत सांगतात. 1965 साली तासगाव तालुक्यात विसापुरास हा प्रयोग सुरू झाला, पुढे तो आणखी काही क्षेत्रांत नेण्यात आला, व 1972 साली रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर लागू झाली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, या योजनेचा उगम दुष्काळात नव्हे, तर दुष्काळापूर्वी सात वर्षे एका कोरडवाहू तालुक्यातील शेतीच्या विचारात झाला होता. पुढे दुष्काळाच्या लोंढ्यात हा मूळ हेतू मागे पडला.

1972 च्या दुष्काळाचे वर्णन काय करावे! ज्यांनी तो पाहिला त्यांच्या तोंडी मिलो आणि सुकडी हे दोन शब्द अद्यापि आहेत. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लक्ष माणसे होती. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या तालुक्यांतून ज्याच्या नावावर वीस एकर जमीन तोही बायकामुलांसह कामावर गेला. एवढ्या माणसांस आठ-पंधरा दिवसांत काम पुरवावयाचे म्हणजे आराखडे करीत बसण्यास वेळ कोठला? म्हणून जे काम सर्वांत सोपे ते निघाले, आणि सर्वांत सोपे काम म्हणजे खडी. त्यातही पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशी कामे झालीच. आणि गावोगावी विहिरींस त्यांचा जो आधार झाला तो कोणी नाकारणार नाही. तरी पण आधीच आराखडे करून ठेवले असते तर त्याच घामातून किती पाणी अडले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या अनुभवातून कायदा झाला. 1977 साली संमत झालेला महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. त्यात मेहेरबानीचा हक्क झाला. ग्रामीण भागातील प्रौढ स्त्रीपुरुषाने, ज्यास अंगमेहनतीचे काम करण्याची तयारी आहे त्याने, नमुना चार भरून काम मागावे. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता द्यावा. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली व तान्ह्या मुलांसाठी सोय असावी. खर्चाचा निदान साठ टक्के भाग मजुरीत जावा. स्त्रीस व पुरुषास एकाच मापास एकच दर मिळावा. बेकारभत्ता दिवसास रुपया इतका किरकोळ होता खरा, पण सरकारने गरिबास काम न दिल्याबद्दल सरकारने भरपाई द्यावी हे तत्त्वच अपूर्व होते. पैशाची तरतूदही विचारपूर्वक केली होती. 1975 पासून शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घ्यावयाचा व सरकारने त्यात तितकीच भर घालावयाची अशी ती योजना. म्हणजे मुंबईतील कारकुनाच्या पगारातून जतच्या नालाबांधावर माती पडू लागली. केंद्र सरकारने 2005 साली देशभरासाठी वर्षाकाठी कुटुंबास 100 दिवसांच्या रोजगाराचा कायदा केला, त्याच्यापुढे महाराष्ट्राचाच कित्ता होता.

येथे आमच्या काही सभासदांची तक्रार आम्ही लपवून ठेवू इच्छीत नाही. ते म्हणतात, सरकार मजुरांस काम देते म्हणून ऐन सुगीत आम्हांस माणूस मिळत नाही व मिळाला तर रोज वाढवून मागतो. या तक्रारीत तथ्यांश आहे, पण तिचा विस्तार तथ्याहून मोठा आहे. कोरडवाहू टापूत सरकारी कामांची खरी मागणी शाळूची काढणी उरकल्यावर, म्हणजे फाल्गुनापासून मृगापर्यंत असते, आणि त्या काळात आमच्या शेतांत देण्याजोगे काम थोडेच असते. बाकी रोज वाढवून मागण्याविषयी म्हणावयाचे तर, ज्या मजुरास दुसरे काहीच साधन नाही त्यास आम्ही जो रोज देत होतो तो रास्त होता काय, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे. शिवाय त्या मजुराने घातलेला बांध कोणाच्या रानात आहे? ज्याच्या नावे जमीन त्याच्या. पाझर तलावाखालच्या विहिरीस पाणी वाढले ते विहीरवाल्याचे. भूमिहीन मजुराच्या वाट्यास आठवड्याची मजुरी आली, ती तरी हजेरीपटावरील नाव व मापपुस्तकातील आकडा जुळला तर. या योजनेचा मोठा लाभार्थी शेतकरीच आहे, हे आम्ही उघडपणे मान्य केले पाहिजे.

या अन्यायास खानापूर तालुक्यातील लोकांनी जे उत्तर शोधले ते या दोन्ही जिल्ह्यांस भूषणावह आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या गिरण्यांत सातारा-सांगलीकडील माणसे फार. संप लांबला तेव्हा ती गावी परतली, तो गावी दुष्काळ. ती रोजगार हमीच्या कामांवर गेली; परंतु गिरणीत हक्काची भाषा शिकलेले हे लोक मुकाट्याने खडी फोडीत बसणारे नव्हते. वर्षानुवर्षे आम्ही रस्त्यांची खडी फोडतो व वर्षानुवर्षे दुष्काळ पडतो, तर दुष्काळ हटेल असेच काम आम्हांस का देत नाही, असा प्रश्न मुक्ती संघर्ष चळवळीने उभा केला. डॉ. भारत पाटणकर हे या चळवळीतील एक प्रमुख. त्यातूनच येरळा नदीवर बलवडी व तांदूळवाडी या गावांच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. नदीच्या पात्रातील थोडी वाळू विकून पैसा उभारला, अंगमेहनत केली, के. आर. दाते यांसारख्या अभियंत्याचे साहाय्य घेतले. आणि पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठेवता माणसांच्या हिशेबाने, भूमिहीनासही, द्यावयाचा असे ठरविले. धरण लहान आहे. पण मजुराने कामाचा प्रकार स्वतः ठरविला व कामाच्या फळात वाटा मागितला, हे दुष्काळी कामांच्या इतिहासात त्यापूर्वी आम्हांस फारसे आढळत नाही.

आता कसबाविषयी. कायद्याच्या भाषेत या मजुरास अकुशल म्हणतात. हा शब्द आम्हांस नेहमी खटकतो. दगडाचा तोंडवळा पाहून तो बांधात कोणत्या बाजूने बसेल हे ज्यास कळते, पाऊस पडताना पाणी कोणत्या वाटेने वाहील हे जो कोरड्या रानातही दाखवू शकतो, तो अकुशल कसा? वडार समाजाचे माती व दगडाचे ज्ञान तर पिढ्यांचे आहे. खरी गोष्ट ही की, त्यांच्या कसबाची नोंद कोठे होत नाही, त्यात भर घालण्याची सोय नाही, आणि म्हणून त्याचा दर मिळत नाही. वीस उन्हाळे हमीच्या कामावर गेलेली बाई एकविसाव्या उन्हाळ्यासही पाटीच उचलते. तिच्या समोर सांडव्याचे बांधकाम होते, पण त्याचा गवंडी बाहेरून येतो, काम आटोपतो व जातो.

वास्तविक कसब मिळाले तर दुष्काळी माणूस काय करू शकतो, याचे दाखले याच भूमीत आहेत. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना घातला तेव्हा त्यांस तयार कारागीर कोठून मिळणार? आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांसच त्यांनी लोखंडाचे काम शिकविले व त्यांच्या हातून नांगर ओतविले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व कमवा आणि शिका हा मार्ग घालून दिला. त्यात मुलाच्या हातातील कुदळ हीच त्याची फी झाली. आणि शाळा व कारखाना या दोहोंवाचून झालेला तिसरा दाखला विटे-खानापूर-आटपाडीकडील गलाईवाल्यांचा. सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याचे हे काम एकाने शिकावे, त्याने भावास न्यावे, भावाने मेव्हण्यास, अशा रीतीने या दुष्काळी तालुक्यांतील तरुण देशभरच्या सराफपेठांतून पसरले. आज त्यांतील अनेकांची घरे गावी माडीची आहेत. ही विद्या त्यांस कोणत्या योजनेने दिली नाही, नात्यागोत्याने दिली. ज्याचे नातेगोते तेथवर पोचत नव्हते तो मात्र मागे राहिला. सरकारी शिक्षणाची गरज नेमकी त्याच्यासाठी आहे.

द्राक्षाकडे पाहा. तासगावच्या बागांत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी करणाऱ्या टोळ्यांस जो मोबदला मिळतो तो साध्या खुरपणीच्या मजुरास मिळत नाही. डोळा कोठे सोडावा, काडी किती राखावी, घडाची विरळणी कशी करावी, खुंटावर कलम कसे भरावे हे ज्यास येते त्यास बागाईतदार आपण होऊन बोलावणे पाठवितो. तास-ए-गणेश हे वाण ज्या तालुक्याने दिले तेथील मजुरास हे ज्ञान परके नाही. पण शेजारच्या जतच्या मजुरास ते शिकविण्यास कोणी बसला नाही, आणि तो ऊसतोडीचा कोयता घेऊन कारखान्याची वाट धरतो.

1990 साली महाराष्ट्राने रोजगार हमीशी फळबाग लागवडीची सांगड घातली तेव्हा ही संधी चालून आली होती. खड्डे खणणे, रोपे लावणे, पाणी घालणे यांची मजुरी सरकारने द्यावयाची व बाग शेतकऱ्याची व्हावयाची. आटपाडी-जतच्या माळावर जी डाळिंबे, बोरे, सीताफळे दिसू लागली त्यांत या योजनेचा हात मोठा आहे. बागा वाढल्या, मात्र खड्डा खणणारा मजूर खड्ड्याशीच राहिला. त्याच वेळी प्रत्येक गावी दोघा-तिघांस कलम, छाटणी व रोगपरीक्षा शिकविली असती तर पुढे तेल्या रोगाने डाळिंबास ग्रासले तेव्हा गावोगावी जाणती माणसे मिळाली असती.

केंद्र सरकारने 2019 च्या अखेरीस उन्नती नावाचा उपक्रम काढला. ज्या कुटुंबाने रोजगार हमीचे 100 दिवस पुरे केले त्यातील अठरा ते पंचेचाळीस वयाच्या एका व्यक्तीस शिक्षण द्यावयाचे व शिकत असता तिची मजुरी बुडू नये म्हणून विद्यावेतन द्यावयाचे, ही त्यातील कल्पना. शिक्षणाचे काम ज्यांच्याकडे सोपविले त्यांत कृषी विज्ञान केंद्रेही होती. विद्यावेतनाची अट आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण हातावर पोट असलेल्यास फुकट शिक्षणही महागच पडते. परंतु 100 दिवसांची अट पाहा: ज्या गावी कामच साठ दिवस निघते तेथील मजुराने शंभर कोठून आणावे?

याहून निराळ्या मार्गाने शिक्षण कसे देता येते हे कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने दाखविले. 2016 साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत या गावास पहिले बक्षीस मिळाले; दोन वर्षांनी माण तालुक्यातील टाकेवाडीने तो मान मिळविला. या स्पर्धेत प्रथम गावातील निवडक स्त्रीपुरुषांस काही दिवस शिकविण्यात येई. उतार कसा मोजावा, समतल चर कोठे आखावा, माथ्यापासून पायथ्याकडे काम का करावे, एवढेच. मग ते परत येऊन गाव कामास लावीत. आम्ही श्रमदानाच्या उत्साहास सरकारी योजनेची जागा देऊ पाहत नाही. गरिबाने फुकट राबावे व त्याच्या पाण्यावर दुसऱ्याने ऊस लावावा हे काही न्यायाचे नव्हे. परंतु ओळंब्याची चौकट हाती आली म्हणजे शेतमजूर बाई साऱ्या गावास चराची रेघ आखून देते, हे त्यात दिसून आले. हीच आखणी मजुरीच्या कामावर झाली तर तिचा दर पाटीच्या दराहून निराळा असावयास नको काय?

आता आपल्या संघाने काय करावे हे थोडक्यात लिहितो. आपल्या केंद्रांची वाण नाही. साताऱ्यास बोरगाव व कराडजवळ कालवडे, सांगलीस कांचनपूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. ज्या गावी सांडव्याचे अथवा सिमेंट बांधाचे काम निघेल तेथे प्रत्येक गवंड्याच्या हाताखाली गावचे दोन तरुण घ्यावे, असा आग्रह आमच्या सभासदांनी ग्रामसभेत धरावा. खर्चाचा चाळीस टक्के भाग साहित्य व कुशल मजुरीसाठीच असतो, त्यातील काही तरी गावात राहील. द्राक्ष व डाळिंबवाल्यांनी छाटणीच्या दिवसांत जत, कवठे महांकाळकडील चार-चार मजूर शिकाऊ म्हणून पुरा रोज देऊन ठेवावे. असे शिकलेले माणूस पुढल्या वर्षी शेजाऱ्याकडे जाईल ही भीती खरी आहे. तरी त्यास जाऊ द्यावे. ज्यांच्या शेतांत सरकारी खर्चाने बांध पडला त्यांनी त्याची डागडुजी स्वखर्चाने करावी. फुटलेला बांध दुसऱ्या दुष्काळापर्यंत तसाच ठेवण्याची चाल आम्ही किती गावी पाहिली आहे, ती सोडली पाहिजे. आणि कामांची यादी उन्हाळा तोंडावर आल्यावर नव्हे, तर दिवाळीनंतर लगेच करावी. बाजरी खुडून झालेली असते, शाळूची पेरणीही उरकलेली असते, व पावसाने कोठे ओघळी पाडल्या हे रानात अजून स्पष्ट दिसत असते. उतार मोजण्याची चौकट तीन बांबू, एक दोरी व एक दगड एवढ्यावर होते, आणि ती करावयास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.